शेजाऱ्याच्या दारांतील टपालपेटी
(नभोवाणीवरील भाषण)

श्रोतेहो, समजा कीं आपल्या गांवांत टपालकचेरी नाहीं. शेजारच्या मोठ्या गांवांतील एका कल्पक व्यापाऱ्यानें आपल्या दारांत एक सुबक पेटी बसविली आणि दवंडी पिटविली कीं, ज्याला पत्र टाकायचें असेल त्यानें खुशाल टाकावें, एक पैसाही पडणार नाहीं. पेटीच्या शेजारीं त्यानें गाण्याच्या तबकड्या मांडल्या, बातम्यांचा फळा लावला आणि दोन्ही गांवांचा एक नकाशा टांगला. हळूहळू आपल्या गांवचीं सारीं माणसें त्या दाराशीं जमूं लागलीं. मुलांचीं स्नेहपत्रें, व्यापाऱ्यांचे हिशेब, सभांचीं आमंत्रणें, सारें कांहीं त्या पेटींतून जाऊं लागलें. मग एके दिवशीं दोन्ही गांवांत वैर माजलें; आणि तेव्हां कोठें आपल्या ध्यानांत आलें कीं, पेटी शेजाऱ्याच्या दारांत आहे, किल्ली त्याच्या कमरेला आहे, आणि त्याच्या घरावर हुकूम चालतो तो त्याच्या पाटलाचा, आपल्या नव्हे.

हा दृष्टांत आहे. परंतु युक्रेन देशाच्या बाबतींत तो जवळजवळ अक्षरशः घडला. तो देश आपल्यापासून फार दूर आहे हें खरें. तथापि आज ज्या घरांत मोबाईल आहे त्या घराची टपालपेटी कोणाच्या ना कोणाच्या दारांत आहेच. म्हणून ही हकीकत आपणही ऐकण्यासारखी आहे.

१९९१ सालीं सोव्हिएत संघराज्य मोडलें आणि युक्रेन स्वतंत्र झाला. राज्याची सीमा एका वर्षांत आंखतां येते. पण भाषेची, नात्यागोत्याची आणि संवयीची सीमा अशी झटपट आंखतां येत नाहीं. युक्रेनचे बहुतेक नागरिक रशियन भाषा जाणत होते. पूर्वेकडील व दक्षिणेकडील शहरांतून तर ती पुष्कळांच्या घरांतलीच भाषा होती. २०१९ सालीं राष्ट्राध्यक्ष झालेले व्होलोदिमिर झेलेन्स्की यांचें बालपणही रशियन बोलणाऱ्या घरांतच गेलें. अशा स्थितींत इंटरनेटचा व्यापार सुरू झाला. १९९७ सालीं मॉस्को येथें ‘यांडेक्स’ हें शोधयंत्र निघालें. २००६ सालीं रशियांत दोन समाजमाध्यमें सुरू झालीं. एकाचें नांव ‘व्हकन्ताक्ते’, म्हणजे ‘संपर्कांत’. आणि दुसऱ्याचें ‘अदनाक्लास्निकी’, म्हणजे ‘वर्गबंधू’. नांवें किती मनमिळाऊ आहेत पाहा! शाळा सोडून वीस वर्षें झालेल्या कीव्हच्या गृहिणीला मॉस्कोंत राहणारी आपली बालमैत्रीण येथें भेटली. तरुणांना फुकट संगीत आणि फुकट चित्रपट मिळाले. यांडेक्सनें नकाशे दिले, रस्त्यावरील गर्दीची खबर दिली, हवामान सांगितलें. ‘वन-सी’ नांवाच्या रशियन हिशेबी प्रणालीवर तर युक्रेनमधील असंख्य पेढ्यांचे कारकून आपले जमाखर्च लिहूं लागले.

न्यायानें बोलायचें तर आरंभीं यांत कोणाचेंही कारस्थान नव्हतें. हे हुशार तरुण अभियंत्यांचे उद्योग होते. त्यांच्यामागें मोठी बाजारपेठ होती, भांडवल होतें आणि गणिताची उत्तम परंपरा होती. भाषा एकच असल्यामुळें त्यांचा माल सीमेपलीकडे विनासायास खपला. युक्रेनियन गिऱ्हाइकानें तो घेतला, कारण तो चांगला होता. येथपर्यंत कोणाची चूक काढतां येत नाहीं. चूक एवढीच कीं, माल कसा आहे हें सर्वांनीं पाहिलें. परंतु उद्यां त्याचा धनी कोण असेल, आणि त्या धन्याला कोणाचा हुकूम मानावा लागेल, हा प्रश्न फारसा कोणीं विचारला नाहीं.

त्या प्रश्नाचें उत्तर मिळण्यास फार काळ लागला नाहीं. २०१३ च्या अखेरीस कीव्हच्या मुख्य चौकांत सरकारविरुद्ध मोठें जनआंदोलन उभें राहिलें. निदर्शकांचे अनेक गट व्हकन्ताक्तेवरूनच एकमेकांशीं बोलत होते. त्या संस्थेचे संस्थापक पावेल दूरॉव्ह यांनीं पुढें एप्रिल २०१४ मध्यें जाहीर केलें कीं, रशियाच्या गुप्त पोलिसांनीं डिसेंबर २०१३ मध्यें आपल्याकडे या आंदोलनाच्या ३९ गटांच्या चालकांची वैयक्तिक माहिती मागितली होती, आणि ती देण्यास आपण नकार दिला. युक्रेनच्या नागरिकांवर रशियाचा कायदा चालत नाहीं, असें त्यांचें म्हणणें होतें. याच सुमारास त्यांना आपल्या संस्थेंतून बाहेर पडावें लागलें व त्यांनीं देशही सोडला. सप्टेंबर २०१४ मध्यें व्हकन्ताक्तेची संपूर्ण मालकी ‘मेल-रू’ या मोठ्या कंपनीकडे गेली. आणि डिसेंबर २०२१ मध्यें तिचीं सूत्रें ‘गॅझप्रॉम’ या सरकारी वायुकंपनीशीं संबंधित मंडळींच्या हातीं आलीं. तिच्या मुख्याधिकारीपदीं व्लादिमिर किरियेंको यांची नेमणूक झाली. त्यांचे वडील सेर्गेय किरियेंको हे त्या वेळीं राष्ट्राध्यक्ष पुतिन यांच्या कार्यालयांतील एक प्रमुख अधिकारी होते.

श्रोतेहो, या घटनाक्रमांतील मर्म ध्यानांत घ्यावें. एका माणसानें नकार दिला म्हणून कांहीं पत्रें वांचलीं. परंतु लाखों लोकांची सुरक्षितता एका माणसाच्या सचोटीवर अवलंबून असावी, आणि तो माणूस गेल्यावर तिचें काय होणार हें त्या लाखों लोकांना ठाऊकही नसावें, ही स्थितीच भयावह आहे. धनी बदलला तरी पेटीचा रंग बदलत नाहीं. सकाळीं मोबाईल उघडणाऱ्या मुलीला तेंच निळें पान दिसतें, त्याच मैत्रिणी दिसतात. किल्ली कोणाच्या हातीं गेली हें त्या पानावर कोठेंही लिहिलेलें नसतें.

आतां नकाशाची गोष्ट. मार्च २०१४ मध्यें रशियानें क्रिमिया आपल्या राज्यांत सामील करून घेतल्याचें घोषित केलें. तेव्हां यांडेक्सनें एक विलक्षण तोडगा काढला. रशियांतून नकाशा पाहणाऱ्यास क्रिमिया रशियाचा भाग म्हणून दिसे. युक्रेनमधून पाहणाऱ्यास तोच युक्रेनचा भाग म्हणून दिसे. व्यापाऱ्याच्या दृष्टीनें हें चातुर्य असेल, दोन्ही गिऱ्हाइकें राखण्याची ती युक्ति असेल. परंतु यामुळें एक गोष्ट स्पष्ट झाली. आपल्यापुढें येणारें पान हें जगाचें चित्र नसून आपण कोठें उभे आहों तें पाहून काढलेलें चित्र आहे. छापील नकाशा दोन घरांत एकच असतो. या नव्या नकाशाला तेवढीही निष्ठा पाळण्याचें बंधन नाहीं.

बातम्यांचेंही असेंच झालें. यांडेक्सच्या पहिल्या पानावर दिवसाच्या मुख्य बातम्यांची एक छोटी यादी असे, आणि कोट्यवधि लोकांचें तेंच वर्तमानपत्र होतें. ही यादी माणूस करीत नाहीं, यंत्र करतें, म्हणून ती निःपक्षपाती आहे असा लोकांचा समज होता. १ जानेवारी २०१७ पासून रशियांत एक कायदा अमलांत आला. ज्या बातमीसंग्राहकाकडे रोज दहा लाखांहून अधिक लोक येतात, त्यानें दिलेल्या बातमीच्या सत्यतेची जबाबदारी त्याच्यावरच ठेवण्यांत आली. मात्र सरकारदरबारीं नोंदलेल्या वृत्तपत्राची बातमी जशीच्या तशी दिली तर तो या जबाबदारींतून मोकळा. परिणाम उघड होता. न नोंदलेलीं पत्रें यादींतून गळालीं, आणि यंत्र पूर्वीप्रमाणेंच निःपक्षपातीपणें, परंतु फक्त उरलेल्या पत्रांतून, निवड करीत राहिलें. येथें कोणालाही एक अक्षर खोटें लिहावें लागलें नाहीं. धान्य निवडणाऱ्या हातास कांहीं न करतां फक्त कणगी बदलावी, तसा हा प्रकार झाला. फेब्रुवारी २०२२ मध्यें रशियानें युक्रेनवर सर्वंकष आक्रमण केलें, तेव्हां यांडेक्सच्या बातमीविभागाच्या एका माजी प्रमुखानें आपल्या जुन्या सहकाऱ्यांना जाहीर आवाहन केलें कीं, युद्धाचें सत्य लोकांपासून लपविण्यांत तुम्ही सहभागी होत आहां. त्याच वर्षाच्या सप्टेंबरांत तो बातमीविभाग व्हकन्ताक्तेच्या मालक कंपनीला विकला गेला.

याचा अर्थ उघड उघड असत्य पसरविलें गेलें नाहीं, असा मात्र नव्हे. १२ जुलै २०१४ रोजीं रशियाच्या ‘पहिल्या वाहिनी’नें एका स्त्रीची मुलाखत दाखविली. स्लोव्हियान्स्क शहरांत युक्रेनच्या सैनिकांनीं एका तीन वर्षांच्या बालकास सर्वांदेखत खिळे ठोकून मारलें, असें तिनें सांगितलें. मॉस्कोच्याच ‘नोवाया गझेता’ या पत्राच्या प्रतिनिधीनें त्या शहरीं जाऊन चौकशी केली. असें कांहीं पाहिलेला एकही माणूस त्याला भेटला नाहीं. परंतु तोंपर्यंत ती कथा घरोघर पोंचली होती. अशा कथांचा पाठपुरावा करण्यासाठीं कीव्हच्या मोहिला अकादमींतील पत्रकारितेचे अध्यापक, माजी विद्यार्थी व विद्यार्थी यांनीं मार्च २०१४ मध्यें ‘स्टॉपफेक’ नांवाचें संकेतस्थळ सुरू केलें होतें. एकेक बातमी घ्यावी, छायाचित्र मुळांत कोठलें व केव्हांचें तें शोधावें आणि पुराव्यासह मांडावें, हें त्यांचें काम. तिकडे सेंट पीटर्सबर्ग येथें पगारी लेखक खोट्या नांवांनीं सामान्य नागरिकांच्या भूमिकेंतून अभिप्राय लिहीत बसत. ही संस्था आपणच स्थापन केली, अशी कबुली येव्हगेनी प्रिगोझिन या धनाढ्य व्यापाऱ्यानें फेब्रुवारी २०२३ मध्यें, आपल्या मृत्यूच्या सहा महिने आधीं, दिली.

या सर्व पार्श्वभूमीवर १५ मे २०१७ रोजीं युक्रेनचे तत्कालीन राष्ट्राध्यक्ष पेत्रो पोरोशेंको यांनीं एका हुकुमावर सही केली. व्हकन्ताक्ते, अदनाक्लास्निकी, मेल-रू, यांडेक्स हीं सारीं संकेतस्थळें तीन वर्षांपुरतीं बंद करण्याचा आदेश इंटरनेट पुरविणाऱ्या कंपन्यांना मिळाला. वन-सी प्रणालीही या निर्बंधांत आली. गंमत अशी कीं, स्वतः पोरोशेंको यांचेंही व्हकन्ताक्तेवर पान होतें. तें आपण बंद करीत आहों, हा निरोप त्यांनीं त्याच पानावरून दिला!

या हुकुमावर देशांत आणि परदेशांत टीका झाली. ‘ह्यूमन राइट्स वॉच’ आणि ‘रिपोर्टर्स विदाउट बॉर्डर्स’ या संस्थांनीं ही बंदी विचारस्वातंत्र्यावर घाला आहे असें म्हटलें. युरोपीय परिषदेच्या महासचिवांनींही चिंता व्यक्त केली. शत्रूच्या गोळीपासून घर वांचविण्यासाठीं आपणच आपल्या खिडक्या विटांनीं बुजविल्या, तर आंत अंधार होणार नाहीं काय, हा त्यांचा प्रश्न होता. तो प्रश्न हंसण्यावारी नेण्यासारखा नव्हता, आजही नाहीं.

बंदीचा परिणाम काय झाला? आडमार्गानें त्या संकेतस्थळांवर जाणें मुळींच अवघड नव्हतें, आणि आरंभीं पुष्कळ लोक तसे गेलेही. तरीसुद्धां वापर उतरला. कोपनहेगन विद्यापीठांतील एका संशोधकाच्या अभ्यासांत असें दिसून आलें कीं, रशियाविषयीं आपुलकी बाळगणाऱ्यांचाही व्हकन्ताक्तेवरील वावर बंदीनंतर घटला. माणूस मतानें जितका बांधलेला असतो त्याहून अधिक संवयीनें बांधलेला असतो. वाट थोडीशी लांबची झाली कीं तो दुसऱ्या दाराकडे वळतो, असाच याचा अर्थ. लोक फेसबुककडे गेले, इन्स्टाग्रामकडे गेले. म्हणजे पेटी एका शेजाऱ्याच्या दारांतून उठली ती अमेरिकेंतील एका व्यापाऱ्याच्या दारांत जाऊन बसली. पुढें तर याहून मोठा विपर्यास झाला. २०२२ च्या युद्धकाळांत हवाई हल्ल्यांच्या सूचना व ताज्या बातम्या यांसाठीं युक्रेनची जनता सर्वांत अधिक विसंबली ती ‘टेलिग्राम’वर, आणि टेलिग्रामचे संस्थापक म्हणजे तेच पावेल दूरॉव्ह! तेथें निनावी वृत्तवाहिन्यांचा सुळसुळाट असल्यानें सप्टेंबर २०२४ मध्यें युक्रेनच्या सरकारला सरकारी अधिकारी व सैनिक यांच्या कामाच्या उपकरणांवर टेलिग्राम वापरण्यास मनाई करावी लागली. सामान्य नागरिकांना मात्र ती केली नाहीं.

मग बंदी योग्य कीं अयोग्य? माझें मत मी आपणांपुढें स्पष्ट मांडतों. ज्या देशाच्या भूमीवर परकी सैन्य उभें आहे, त्यानें आपल्या नागरिकांचीं पत्रें त्या सैन्याच्या धन्याच्या हातीं जाऊं देऊं नयेत, हें मला मान्य आहे. टपालपेटी बंद करणें हा आत्मरक्षणाचा भाग आहे. परंतु पेटी बंद करणें निराळें आणि तोंड बंद करणें निराळें. फेब्रुवारी २०२१ मध्यें झेलेन्स्की यांनीं आपल्याच देशांतील तीन दूरचित्रवाहिन्या राष्ट्राध्यक्षांच्या हुकुमानें बंद केल्या. त्या रशियाच्या पक्षपाती होत्या असा आरोप होता, आणि तो निराधार होता असें मी म्हणत नाहीं. पण न्यायालयांत आरोप सिद्ध होण्याची वाट न पाहतां स्वदेशांतील वृत्तसंस्थेवर कुलूप लावण्याची संवय सरकारला लागली, तर ती शत्रू निघून गेल्यावरही सुटत नाहीं. बंदीला मुदत असावी, कारण लेखी असावें आणि तिच्याविरुद्ध न्यायालयाचें दार उघडें असावें. या तीन अटी पाळल्या नाहींत तर ज्याच्याशीं आपण लढतों त्याचेंच रूप हळूहळू आपणांस येतें. तें रूप कसें असतें हें रशियानें ४ मार्च २०२२ रोजीं दाखविलें. त्या दिवशीं तेथें फेसबुक बंद झालें, आणि सैन्याविषयीं तथाकथित ‘खोटी’ माहिती देणाऱ्यास पंधरा वर्षांपर्यंत तुरुंगवासाची तरतूद करणाऱ्या कायद्यावर सही झाली.

बंदीहून अधिक टिकाऊ असा दुसरा एक उपाय आहे, आणि तो रशियाच्या इतर शेजाऱ्यांनीं करून पाहिला आहे. एस्टोनियांत लोकसंख्येचा सुमारें चतुर्थांश भाग रशियन वंशाचा आहे. वर्षानुवर्षें हीं माणसें रशियाच्याच वाहिन्या पाहत, कारण त्यांच्या भाषेंत दुसरें कांहीं पुरेसें नव्हतेंच. सप्टेंबर २०१५ मध्यें एस्टोनियाच्या सार्वजनिक प्रसारण संस्थेनें खास रशियन भाषेची वाहिनी सुरू केली. ‘तुमची भाषा आमचीही आहे, तुमच्या गांवची बातमी आम्ही तुमच्या भाषेंत सांगूं,’ हा त्यामागील आशय. लॅटव्हियाची राजधानी रीगा येथें २०१४ सालीं ‘मेदूझा’ नांवाचें रशियन वृत्तपत्र इंटरनेटवर निघालें. त्याच्या संपादिका गालिना तिमचेंको यांना त्याच वर्षाच्या मार्चमध्यें मॉस्कोंतील आपल्या संपादकपदावरून जावें लागलें होतें. निमित्त, एका युक्रेनियन पुढाऱ्याच्या मुलाखतीचा दुवा बातमींत दिल्याबद्दल सरकारकडून आलेली ताकीद. त्यांच्याबरोबर पुष्कळ सहकाऱ्यांनीं राजीनामे दिले. भाषा ही कोणा एका सरकारची मालमत्ता नाहीं, हें या दोन उदाहरणांवरून दिसतें. असत्य ज्या भाषेंत येतें त्याच भाषेंत सत्य सांगणारा कोणी हवा.

आपल्या देशानेंही असा प्रसंग अनुभविला आहे. गलवान खोऱ्यांतील संघर्षानंतर २९ जून २०२० रोजीं भारत सरकारनें ‘टिकटॉक’सह ५९ चिनी ॲप्सवर बंदी घातली. त्या दिवशीं महाराष्ट्रांतील खेड्यापाड्यांतलीं कितीतरी मुलें एका रात्रींत आपल्या प्रेक्षकांस मुकलीं. कांहीं आठवड्यांत तीं दुसऱ्या परदेशी कंपन्यांच्या अंगणांत पुन्हां नाचूं-गाऊं लागलीं. त्या वेळीं आपण शेजारी कोण आहे याची चर्चा पुष्कळ केली. किल्ली कोणाजवळ असावी याची चर्चा मात्र थोडीच केली.

ती चर्चा कायदेमंडळांत व्हावी हें खरें. परंतु तिचा आरंभ घरांतून व्हावयास हवा. आपल्या घरांतील मुलें ज्या पानावर दिवसाचे चार तास घालवितात, तें पान कोणाच्या मालकीचें आहे? तो मालक कोणत्या देशाच्या कायद्यानें बांधलेला आहे? त्याला पैसा कोठून मिळतो? आणि उद्यां तें पान बंद पडलें तर आपलीं पत्रें, आपलीं छायाचित्रें, आपले हिशेब आपल्याजवळ उरतील काय? हे चार प्रश्न एखाद्या संध्याकाळीं जेवणाच्या वेळीं मुलांना विचारून पाहावेत. उत्तरें त्यांना येणार नाहींत; बहुधा आपल्यालाही येणार नाहींत. कीव्हच्या त्या गृहिणीलाही तीं ठाऊक नव्हतीं. तिला तीं कळलीं तेव्हां युद्ध दाराशीं आलें होतें. आपल्याला अद्यापि वेळ आहे.